वर्णनाचे चौसष्ट खण

संजीवमामाने मला उन्हाळ्याच्या सुट्टीत सी ही कॉम्प्युटरची भाषा शिकवायला घेतली आणि दसऱ्यापर्यंत मी त्याच्याच चुका काढायला लागले. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. म्हणजे, थोडी फुशारकी आहेच. दहावीच्या आमच्या वर्गात पॉइंटर म्हणजे काय ते सांगू शकणारी मी एकटीच, आणि परवा कॉम्प्युटरच्या मिसनी मलाच फळ्यापाशी उभं केलं होतं. गेल्या वर्षापर्यंत मी हजेरीलासुद्धा हळूच ओ द्यायची. आता प्रश्न संपायच्या आत माझा हात वर असतो. आई म्हणते, ऋजुता, तोंडाला जरा ब्रेक लाव. तेव्हा मला ते लागायचं नाही.

धारवाडच्या मळमड्डीतलं हे घर अप्पांचं, म्हणजे माझ्या आईच्या वडिलांचं. वर मामा राहतो, खाली आम्ही. अप्पा शाळेत ड्रॉइंग शिकवायचे आणि त्यांना फोटो काढायचा भारी नाद. मी चार वर्षांची असताना ते गेले, त्यामुळे मला ते फोटोंमधूनच माहीत, आणि फोटोंत तर ते नाहीतच, कारण कॅमेरा त्यांच्याच हातात असायचा. त्यांचा म्हणून आमच्याकडे आवाज नाही, पत्र नाही. आहेत ती फोटोंखालची वर्णनं.

ती मामाची कामगिरी. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट म्हणून त्याने सीमध्ये एक लायब्ररी लिहिली. पुस्तकांची नव्हे. दुसऱ्या कुणालाही आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरता येतील अशी तयार कामं एकत्र बांधली, की तिला लायब्ररी म्हणतात. मामाची लायब्ररी एकच काम करायची, फोटोच्या फाइलच्या शेपटीला एक चिठ्ठी चिकटवायची. चिठ्ठीत फोटोचं वर्णन, ठिकाण आणि साल. फोटो कुठेही पाठवा, चिठ्ठी त्याच्याबरोबर जाणार. परीक्षकांना दाखवायला फोटो हवेत म्हणून त्याने अप्पांचे सगळे फोटो स्कॅन केले, अप्पांना शेजारी खुर्चीत बसवलं आणि ते सांगत गेले तसं टाइप करत गेला.

त्या वर्णनांची आमच्या घरात फार थट्टा चालायची, कारण जरा लांब वर्णन असलं की त्याचा शेवट कायम धारवाडला. आईच्या लहानपणच्या एका फोटोखाली येतं, ‘पद्मा शाळेत जाताना. रडत’, मग एक रिकामा चौकोन, मग ‘धारवाड’. आई म्हणायची, जशी काही मी धारवाडभर रडत फिरले. अप्पांना गावाचं प्रेमच तेवढं, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं.

सगळ्यांनी म्हणजे उत्तरामावशी सोडून.

उत्तरामावशी आईची थोरली बहीण, आई तिला अक्का म्हणते. ती हुबळीजवळ उणकलला राहते, मळमड्डीहून बसने अर्ध्या तासावर, पण आमच्या घरी येत नाही. आम्हीच जातो. मंजुनाथकाका कन्नड, जातीने वेगळे. मावशीने त्यांच्याशी रजिस्टर लग्न केलं. अप्पा चिडले नाहीत, ओरडले नाहीत, फक्त बोलायचे थांबले आणि मग थांबलेच. अप्पा गेले तेव्हा मावशी आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत आली आणि तिथूनच परत गेली म्हणे.

यंदा दिवाळीच्या आधी मी तिच्याकडे चुरमुऱ्यांचं गिरमिट खात बसले होते. माझं तोंड चालूच. बोलता बोलता विचारलं, मावशी, आता अप्पा नाहीत, मामा तुला बोलावतो, आई बोलावते, मग तू येत का नाहीस. मावशी कांदा चिरत होती. म्हणाली, “लिहूनच ठेवलंय की त्यांनी.”

मला कळलं नाही. तिने सांगितलं. अप्पा गेल्यावर मामाने तिला सगळे फोटो पेन ड्राइव्हमध्ये घालून दिले होते. त्यात तिचा एक आहे, केलगेरीच्या तळ्याकाठचा, दोन वेण्या घातलेला. त्याखाली लिहिलंय, ‘ही थोरली, उत्तरा. हिला मी धारवाड’. बस, एवढंच. पुढे त्यांना बोलवलं नसेल, असं ती म्हणाली. पण हिला मी धारवाड काय, ते कळायला पुढचं वाक्य कशाला पाहिजे? धारवाडात पाऊल ठेवू देणार नाही. धारवाड बंद केलं. काहीही लाव, अर्थ एकच. मग तिने कांदा माझ्या बशीत वाढला आणि विषय बदलला.

बसमध्ये मी सबंध रस्ताभर तेच बघत होते डोळ्यांसमोर. आणि नवलूरच्या आसपास माझ्या डोक्यात घंटा वाजली. धारवाड हे वर्णन नव्हतंच. ते ठिकाण होतं.

घरी येऊन मी मामाचा जुना कोड मागितला. तो द्यायला का कू करत होता, जुनं आहे, घाण आहे म्हणत होता. मी उघडलं आणि मला दोन मिनिटांत दिसलं. चिठ्ठीत त्याने वर्णनाला चौसष्ट खण ठेवले होते आणि लगेच पुढे ठिकाणाचे चौसष्ट. एका खणात एक इंग्रजी अक्षर बसतं. मामाने चाचणी घेतली होती ती इंग्रजीत. पण मराठीत एकेका अक्षराला तीन खण लागतात, आणि काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार यांनाही प्रत्येकी तीन. मोकळ्या जागेला आणि विरामचिन्हाला तेवढा एक. म्हणजे चौसष्टात पाच शब्दसुद्धा जेमतेम. आणि सी काही विचारत नाही, बाबा जागा संपली, थांबू का? ती पुढच्या खणांत लिहीत जाते. अप्पांचं वाक्य वर्णनातून सांडून ठिकाणाच्या खणांत गेलं, आणि मग मामाने ठिकाण टाइप केलं तेव्हा त्याच्यावर धारवाड उमटलं.

मामाला वाटेल, काय हुशार भाची, असं मला वाटलं होतं. तो खाली बघत म्हणाला, माहीत होतं. प्रोजेक्ट दाखवून झाल्यावर लक्षात आलं होतं. मार्क मिळाले होते, बेंगळूरची नोकरी लागली होती, सुट्टीत येऊन नीट करू म्हटलं, अप्पांना परत बसवू. पुढच्या वर्षी अप्पाच नव्हते. आणि घरात सगळे त्या धारवाडवर हसत होते, तर कशाला सांगायचं.

मी त्याला मावशीचं सांगितलं.  अप्पा काय म्हणाले होते, मी विचारलं, तूच टाइप केलंस ना? त्याला आठवत नव्हतं. शेजारी टीव्हीवर मॅच चालू होती, तो म्हणाला. अप्पा सांगत होते, माझी बोटं चालत होती, लक्ष स्कोअरकडे.

पण मी कुठली गप्प बसते. धारवाड हा शब्द लहान, तो सांडलेल्या वाक्यावर सगळीकडे पसरलेला नसणार. प्रोग्रॅम धारवाडपाशी वाचायचा थांबतो, पण त्याच्या पुढच्या खणांत अप्पांचं जुनं वाक्य तसंच पडून असणार. मी मावशीच्या फोटोची फाइल एकेक खण, नुसत्या आकड्यांत उघडली. धारवाड संपलं, त्याच्या पुढे होतंच काहीतरी. सुरुवातीचे दोन खण तुटके, कारण मजकूर संपल्याची खूण म्हणून सी शेवटी एक खण शून्याचा लावते, आणि धारवाडच्या त्या शून्याखाली एका अक्षराचा पहिला खण गेला होता. पण मराठी अक्षराचा पहिला खण कायम एकच आकडा असतो, म्हणून मी तो परत बसवला. ‘य’ झाला. आणि पुढचं आपसूक वाचता आलं.

‘यला हवं होतं.’

हिला मी काहीतरी-यला हवं होतं. धारवाडमध्ये चिन्हं सहा, म्हणून मधली सहाच चिन्हं त्याने कायमची खाल्ली होती. मी बोटांवर मोजलं. ब, ओकार, ल, काना, व, काना. बोलावा. हिला मी बोलावायला हवं होतं. चपखल. मामा खुर्चीतून उठून खिडकीपाशी गेला.

त्याने मला सांगितलं होतं, आज कुणाला बोलू नकोस, मला जरा विचार करू दे. तो आंघोळीला गेला आणि मी मावशीला फोन लावला. वाक्य वाचून दाखवलं.  मग मंजुनाथकाकांचा आवाज आला, कन्नडमध्ये, काय सांगितलंस गं पोरी, ही खाली बसलीय.

संध्याकाळी दोघं स्कूटरवरून आली. आई स्वयंपाकघरातून तशीच पिठाच्या हातांनी धावली. मावशी फाटकातून आत आली, पायऱ्या चढली, ओट्यावर क्षणभर थांबून कठड्यावरून हात फिरवला. रंग बदललात होय, म्हणाली. मी तिला इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं. ती आईला चिडवत होती, मामाच्या टकलावर बोलत होती, अप्पांची खुर्ची कुठे गेली ते विचारत होती. काका दारातच स्टुलावर बसले होते आणि नुसते तिच्याकडे बघत होते. तो एक तास मला अजून आठवतो. पुरला असता तो.

पण मला दाखवायचं होतं. मी लॅपटॉप आणला, कागदावर खण आखले, धारवाड खाली आणि बोलावा वर असं लिहून दाखवलं. मावशी लक्ष देऊन ऐकत होती, शिकणाऱ्या मुलीसारखी. तिने कागद हातात घेतला, एकेक चिन्ह मोजलं. मग सहज विचारावं तसं विचारलं, “आणि दुसरं काही बसतं का गं त्यात?”

माझा हात वर असतोच.

“थांबवा,” मी म्हणाले. “थ, काना, अनुस्वार, ब, व, काना. बरोब्बर सहा.”

तोंडातून गेल्यावर मला ऐकू आलं. हिला मी थांबवायला हवं होतं. आईने माझ्याकडे बघितलं. मी अजून शब्द शोधत होते, म्हणजे डोकं शोधतच होतं, समजावासुद्धा बसत होतं, पण तेवढं मी गिळलं. फार उशिरा गिळलं.

मावशीने कागद गुडघ्यावर ठेवला. काकांकडे तिने बघितलं नाही. एवढी वर्षं ज्यांच्याबरोबर संसार केला ते दारात बसलेले, आणि वडिलांचं वाक्य असं, की कदाचित त्यांच्याबद्दलचंच.

मामा घाईने बोलला. बोलावायलाच होतं अक्का, मीच टाइप केलंय की, मला चांगलं आठवतंय. अप्पांच्या डोळ्यांत पाणीसुद्धा होतं.

“संजू,” मावशी म्हणाली, “आठवत असतं तर तू आपण होऊन उणकलला आला असतास. राहू दे.”

 मला वाटलं होतं मामा माझ्यावर भडकेल. त्याने लॅपटॉप मिटला फक्त, अगदी हळू. काका उठून आले, इरलि बिडु, असू दे म्हणाले, आणि तिच्या हातातला कागद घ्यायला लागले. तिने दिला नाही. चार घड्या घालून पर्समध्ये ठेवला. आईने चहा केला, तो सगळ्यांनी प्यायला, हुबळीच्या रस्त्याच्या कामाबद्दल बोलणं झालं. मघाचं हसणं कुठेच नव्हतं. मी कोपऱ्यात बसून मनातल्या मनात एवढंच म्हणत होते, नाही बसत मावशी, दुसरं काही नाही बसत. चार शब्द. तेवढे बोलायला काय झालं होतं मला.

आई म्हणाली, जा, फाटकापर्यंत जाऊन ये. काका स्कूटर वळवत होते. मावशीने माझा हात धरला. मी सॉरी म्हणणार होते, पण ती आधी बोलली. आवाज इतका खाली, की काकांना ऐकू जाऊ नये.

“माफ करायला,” ती म्हणाली. “ते बसतं का बघ.”

मला बघायची गरज नव्हती. तिने विचारलं त्या क्षणी माझं मोजून झालं होतं. म, काना, फ, क, र, काना. सहाच. पण ‘माफ’ आणि ‘करायला’ यांच्यामध्ये मोकळी जागा येते, आणि तिला एक खण लागतो. तसं असतं तर त्या खणाने पुढचं सगळं सरकलं असतं, आणि ‘य’ अख्खा सापडला असता. तो तुटका आहे. एका खणाने बसत नाही.

“घरी जाऊन बघते,” मी म्हणाले. “नीट बघून सांगते.”

ती हो म्हणाली आणि स्कूटरवर बसली.

त्यानंतर ती दोनदा आली आमच्याकडे. एकदा आईच्या वाढदिवसाला, एकदा अशीच. दोन्ही वेळा सगळ्यांशी बोलली, आणि निघताना फाटकापाशी माझ्यासाठी थोडी थांबली. विचारलं मात्र नाही. मीही अभ्यासाचं काहीतरी बोलत राहिले.