झाकणावरची दोन छिद्रे

मी एका जुन्या ग्लायडरचे झाकण आहे, मित्रांनो. ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेले विमान. वैमानिकाच्या डोक्यावर पारदर्शक घुमट दिसतो ना, ते मीच. दिसते काचेसारखे, पण आहे अ‍ॅक्रिलिकचे. तापवून, फुगवून मला हा आकार दिला. ज्या कारखान्यात मी घडले, तो केव्हाच बंद पडला.

चोवीस वर्षे मी शिकाऊ वैमानिकांना आकाश दाखवले. माझ्या डाव्या अंगाला हवेसाठी छोटी सरकती खिडकी आहे. तिच्यात हात घालून मला उचलायचे नाही, खालची चौकट धरायची, हा आमच्या ग्लायडिंग क्लबचा पहिला नियम. शिकवणाऱ्या ताई तो प्रत्येकाकडून तीनदा वदवून घेत.

आणि एके दुपारी, वारा सुटला म्हणून घाईघाईत, ताईंनीच खिडकीत बोटे अडकवून मला उचलले. खिडकीच्या कोपऱ्यातून वीतभर तडा गेला.

माझ्यासारखे दुसरे झाकण कुठेच मिळत नव्हते. मी गेले असते, तर क्लबचे दोन आसनांचे एकमेव ग्लायडर भंगारात गेले असते आणि ताईंचे शिकवणे संपले असते. त्यांनी मला चादरीत गुंडाळून भावाच्या कार्यशाळेत नेले.

"कुणी केलं हे?" दादांनी विचारले.

"मी."

"तू? मागच्या वर्षी याच खिडकीत हात घातला म्हणून मला तासभर ऐकवलं होतंस."

"हो, ऐकवलं. आता हसून घे आणि कामाला लाग."

दादा हसले नाहीत. तड्याच्या टोकावर बारीक गोल छिद्र पाडले, की तो तिथेच थांबतो. त्यांनी ड्रिलच्या बिटाची धार मुद्दाम बोथट केली, कारण धारदार बिट अ‍ॅक्रिलिक ओरबाडतो. मग संथपणे छिद्र पाडले.

ताईंनी दिवा खाली घेऊन आडवा धरला. "दादा, तडा पुढे गेलाय."

खरेच, केसाएवढी रेघ छिद्राच्या नखभर पुढे चमकत होती. वरच्या उजेडात ती दिसलीच नव्हती.

"म्हणजे घाई मीही केली," दादा म्हणाले. "धर दिवा तसाच. हलू नकोस."

"किती वेळ?"

"होईपर्यंत."

दुसरे छिद्र नेमके टोकावर पडले. दादांनी तड्याची खाच करून तिच्यात अ‍ॅक्रिलिकचा चिकट रस थेंबाथेंबाने भरला. आठवडाभर मला कुणी हात लावला नाही. नंतर दोघे बहीणभाऊ ओल्या पॉलिशपेपरने तीन दिवस आळीपाळीने घासत बसले. विमानांच्या तपासनिसांनी भिंग लावून पाहिले, अंगठ्याने दाबून पाहिले आणि सही केली.

आज मी पुन्हा उडते. रेघ पुसट झाली, छिद्रांच्या खुणा राहिल्या. नवा विद्यार्थी आला, की ताई त्याचे बोट आधी माझ्यावर ठेवतात.

"ही रेघ माझ्या घाईची. हे पहिलं छिद्र दादाच्या घाईचं. तिसऱ्या घाईला इथे जागा नाही. धर चौकट."

मित्रांनो, घाई नसताना नियम सगळेच पाळतात. तुम्ही मला उचलायला याल, तेव्हा घाईत असलात तरी चौकटच धरा.