आत्याचा नाच आणि मुठीतला कॅमेरा

पणजोबांनी फोटो स्टुडिओ थाटून काचेवर छब्या उतरवल्या, आजोबांनी फिल्मवर अर्ध्या शहराचे चेहरे टिपले, वडिलांनी त्याच स्टुडिओत रंग आणले. तिघांचाही गिऱ्हाइकाला हुकूम एकच: "हलू नका!" आता स्टुडिओ चौथ्या पिढीतल्या धाकटीच्या हाती होता, आणि त्याच्यासोबत एक न फिटलेले देणेही. दिव्यांचा अंदाज घेण्यासाठी आजोबा आपल्या लेकीला, म्हणजे धाकटीच्या आत्याला, स्टुलावर पुतळ्यासारखे बसवून ठेवीत. "एक दिवस तुझ्या नाचाची फिल्म काढून देईन," हा त्याचा मोबदला ठरला होता. आजोबा गेले, वडील गेले. शब्द राहून गेला. उद्या आत्याच्या गुडघ्याचे ऑपरेशन. त्यानंतर नाच कायमचा बंद, असे डॉक्टरांनी बजावले होते.

म्हणून सकाळपासून धाकटीचा पाय एका जागी ठरत नव्हता. नवा डिजिटल कॅमेरा फोटो सुरेख काढी, पण व्हिडिओ? तिने नळ टिपला, पंखा टिपला. झूम करताच लेन्सची घरघर आवाजात उतरली. खिडकीसमोर माणूस काळाठिक्कर दिसला. अंधाऱ्या कोपऱ्यात चित्रावर रवा सांडल्यासारखे दाणे आले.

"आई, पुन्हा एकदा इकडून तिकडे जा ना."

"मी काय घड्याळाचा लंबक आहे? भाजी करपली तर कॅमेराच वाढीन पानात!"

झूमला हात लावायचा नाही, कॅमेऱ्याची पाठ खिडकीकडे, दिवे सगळे लावायचे. एवढे ठरले, तरी जीव थाऱ्यावर येईना.

दुपारी आत्या आली. हातातली काठी तिने भिंतीला टेकवली.

"काय गं, ह्या काडेपेटीत मावणार का मी?"

"मावशील. तू फक्त सुरू कर."

कॅमेरा स्टँडवर चढला, गाणे लागले, धाकटीने बटण दाबले आणि तिच्या तोंडून निघून गेले, "हलू नकोस!"

आत्या जागीच थिजली. गाणे एकटेच पुढे गेले.

"तूसुद्धा?" आत्या स्टुलावर बसली आणि गुडघा चोळू लागली. "आणखी एकदाच जमेल, बाळ. त्यापुढे हा साथ देणार नाही."

गाणे पुन्हा लागले. आत्या उठली आणि पहिल्याच गिरकीत चौकटीबाहेर गेली. ज्या खोलीत तीन पिढ्या कॅमेरा जागचा हलला नव्हता, तिथे धाकटीने तो स्टँडवरून उपसला आणि ती आत्याच्या मागे धावली, पडद्यापासून आरशापर्यंत, श्वास रोखून. फोकस चाचपडला, हरवला, पुन्हा लागला. गाणे संपले तेव्हा आत्या भिंतीला धरून हसत होती, धापा टाकीत होती.

दोघींनी कॅमेऱ्याच्या इवल्या पडद्यावर डोळे लावले.

"हात थरथरलाय तुझा."

"हो. चित्र सगळं डुलतंय. काढू का पुन्हा?"

"खबरदार!" आत्याने कॅमेरा आपल्याकडे ओढून घेतला आणि सबंध नाच पुन्हा पाहिला. मग पदराने डोळे पुसून ती ठणकावून म्हणाली, "फिटलं. माझ्या बापाकडे माझं आता काही राहिलं नाही."