मापाड्याचा श्वास

मित्रांनो, मी एक जुना भाता आहे. लोहाराचा नव्हे, दवाखान्यातला. ज्याला स्वतःचा श्वास घेता येत नाही त्याला श्वास देणं हे माझं काम. माझं खरं नाव इंग्रजी आणि लांबलचक होतं, ते माझ्या पाठीवरच्या पितळी पट्टीवर कोरलेलं होतं. पट्टी झिजली, नावही गेलं. अहमदनगरच्या ज्या मिशन दवाखान्यात माझी हयात गेली, तिथे सगळे मला भाताच म्हणायचे. खरं सांगू का, मलाही तेच बरं वाटायचं.

माझा जन्म परदेशातला. हिरवी लोखंडी पेटी, पोटात मोटर, वर काचेआड खालीवर होणारा काळा रबरी भाता आणि पुढे दोन जाड नळ्या, असं माझं रूप. तिकडे माझ्याहून देखणी यंत्रं आली आणि मला खोक्यात घालून बोटीने इकडे धाडलं. म्हणजे नगरला उतरलो तेव्हाच माझं वय झालेलं होतं. पण दवाखान्यात माझ्या जोडीचं दुसरं कोणी नव्हतं, त्यामुळे माझा थाट नवरदेवासारखा. माझ्या कडेला हाताने चालवायचा एक दांडा होता. नगरची वीज तेव्हा फार लहरी होती, म्हणून त्या दांड्याला विश्रांती कमीच मिळे.

माझी हवा कोरडी. तुमच्या नाकात हवा आपोआप ओलसर होते, पण ज्याच्या गळ्याला भोक पाडून नळी घालावी लागते, त्याच्या श्वासाचा नाकाशी संबंधच उरत नाही. म्हणून माझ्या नळीला पाण्याची एक काचेची बाटली जोडलेली असे. हवा तिच्यातून बुडबुडत जायची आणि ओली होऊन माणसाच्या छातीत शिरायची. मित्रांनो, ही बाटली लक्षात ठेवा.

१९७१ च्या पावसाळ्यात बन्सीला माझ्याकडे आणलं. तो मार्केट यार्डातला मापाडी, धान्य मोजून देणारा. घरात भुईवर झोपला असताना त्याला मण्यार चावली. मण्यारीच्या विषाने पापण्या मिटतात, जीभ लुळी पडते आणि शेवटी छाती हलायची थांबते. मात्र माणसाला सगळं ऐकू येत असतं. डॉक्टर शांतवन यांनी त्याच्या गळ्यात नळी बसवली आणि मला जोडून दिलं. विष ओसरेपर्यंत त्याला तगवायचं होतं, बस्स एवढंच. मी कामाला लागलो.

त्याची आई मालनबाई माझ्या शेजारीच स्टुलावर बसून असायची. सिस्टर कृपा आली की तिच्यापुढे ती मुलाचं कौतुक मांडायची.

"सिस्टर, माप घालाया लागला ना बन्सी, की यार्डाच्या भाईर आवाज जातो त्याचा. पयल्या मापाला आमी एक न्हाई म्हनत. लाभ म्हनायचं. लाभ, दोन, तीन... असं. लई गोड म्हनतो."

ते ऐकलं आणि मला त्या आवाजाची ओढच लागली. पण गळ्यात नळी असली की हवा आवाजाच्या जागेपर्यंत पोचत नाही. श्वास मी देत होतो आणि आवाजही माझ्यामुळेच अडला होता. रात्रंदिवस त्याच्या छातीत ये-जा करणाऱ्या मला त्याचा एक शब्दही ठाऊक नव्हता, याचं फार वाईट वाटायचं.

दवाखान्यात सिस्टर मोजक्या आणि रोगी उदंड. एकदा घाईघाईने दुसऱ्या खोलीकडे निघताना कृपा मालनबाईला सांगून गेली, "आई, बाटलीतलं पाणी कमी झालं तर भर घाला. पण साधं नको हं, उतरवलेलंच पाणी घाला."

मालनबाईचा चेहरा उजळला. कोपऱ्यातल्या केटलीत उकळून झाकलेलं पाणी होतं, पण तिकडे बोट दाखवायचं राहून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी गावाकडून एक झाकलेला तांब्या आला. बाटलीतलं पाणी कमी झालं की मालनबाई तो तांब्या कपाळाला लावून त्यातलं पाणी तिच्यात ओतायची. केटलीतलं पाणी तसंच राहतंय, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्या आलं, पण मला कुठे तोंड होतं? मला होत्या फक्त नळ्या.

बन्सीचं बोट हललं. पापणी उघडली. सगळा वॉर्ड खूश झाला. आणि त्याच सुमाराला मला हवा ढकलायला जोर लागू लागला. कालपर्यंत सहज फुलणारी छाती आज माझ्याशी झगडत होती. त्याला ताप भरला. आत घरघर सुरू झाली, नळीतून हिरवट कफ येऊ लागला. डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकलं.

"न्यूमोनिया," ते म्हणाले. "विष हटलं आणि हे आलं. जंतू आत गेले कुठून?"

त्यांनी माझी बाटली काढून उजेडात धरली. तळाशी राखेचा पातळ थर बसला होता.

"आई, हे काय?" कृपाने विचारलं.

"अंगारा हाय त्यो. तुमीच म्हनला व्हता ना, उतरवलेलंच घाला? मग देवऋष्याकडनं उतरवून आनलं पानी. सापाचं इख उतरवतो त्यो."

कृपा खाली बसली. तिने आवाज चढवला नाही. "चुकलं माझंच, आई. आमच्या घरी पाणी उकळून चुलीवरून खाली घेतलं की त्याला उतरवलेलं म्हणतात. तुम्हाला केटली दाखवायला हवी होती."

"म्हंजी म्या माज्याच हातानं त्येला..." मालनबाई उठली आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन बसली. खोलीत पाऊल टाकेना. तिच्या मायेने भरलेलं पाणी मीच तर बुडबुडवत त्याच्या छातीत नेलं होतं. मला तिला हाक मारावीशी वाटली.

हाक कृपाने मारली. हात धरून तिला आत आणलं, साबणाने तिचे हात धुववले आणि बाटली तिच्यापुढे ठेवली. "आजपासून ही बाटली उकळायची, केटलीतलं पाणी भरायचं, ते तुम्हीच. दुसऱ्या कोणी हात लावला तर मला सांगा."

त्या दिवसापासून मालनबाईने माझी जी राखण केली तशी कोणी केली नाही. हात न धुता कोणी जवळ आलं की डॉक्टर असला तरी ती अडवायची. माझ्या नळ्या बदलल्या गेल्या. खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा आल्या, बन्सीचं तोंड पुसलं जाऊ लागलं, कफ ओढून काढला जाऊ लागला. पुण्याहून इंजेक्शनं आली. तरीही एकदा डॉक्टरांनी मालनबाईपुढे नुसती नकारार्थी मान हलवली, तेव्हा माझा धीर सुटला होता. वीज गेली की कृपा दांडा मारायची आणि मालनबाई बन्सीच्या कानाशी लागून म्हणायची, "घे बाबा, आजून एक घे."

त्याने घेतला. हळूहळू छाती पुन्हा हलकी झाली. मग एके सकाळी डॉक्टरांनी मला सोडवलं आणि कृपा त्याचे श्वास मोजू लागली, "एक..." बन्सीने ओठ हलवले. आवाज नव्हता. कृपाला काही कळेना, पण मालनबाई पदरात तोंड घालून रडायला लागली. "लाभ म्हनतोय त्यो, सिस्टर. लाभ म्हनतोय."

त्याच दिवशी मला ढकलत दुसऱ्या रोग्याकडे नेलं. बन्सीची नळी कधी काढली, आवाज परत आला की नाही, मला कोणी सांगितलं नाही. यंत्राला कोण सांगणार?

पुढे माझं रबर तडकलं, बदली रबर आलं नाही आणि मी स्वयंपाकघरामागच्या अडगळीत पडलो. बाहेर दुष्काळ होता. पलीकडे मिलोच्या, म्हणजे अमेरिकेहून आलेल्या तांबड्या ज्वारीच्या, भाकऱ्या थापल्या जात. यार्डच ओस, तिथे मापाड्याला काय काम? धुळीत बसून मी एकाच शब्दाची वाट पाहत होतो. कितीतरी आवाज भिंतीपलीकडून गेले. त्यांतला त्याचा कोणता, हे ओळखणार तरी कसं? तो तर मी कधी ऐकलाच नव्हता.

त्र्याहत्तरला पाऊस झाला. पुढच्या वर्षी नवी ज्वारी दवाखान्याच्या अंगणात येऊन पडली. कोणीतरी माप भरलं आणि घोगऱ्या, किंचित फाटलेल्या आवाजात म्हटलं, "लाभ."

मग तो थांबला आणि त्याने श्वास घेतला. लांब, मध्येच जरासा अडखळणारा आणि सावकाश सुटणारा. मित्रांनो, आवाज मला अनोळखी होता, पण तो श्वास मी कसा विसरेन?

"दोन," तो पुढे म्हणाला.

पोती संपली, गाडी गेली. भिंतीच्या अलीकडे मी आहे, हे त्याला कोण सांगणार?

म्हणून तुम्हाला एवढीच विनंती. आजाऱ्याजवळ जाताना हात धुवा. त्याच्या श्वासात जाणारं पाणी उकळलेलं आहे ना, बघा. कोणाला काही सांगाल तर बोट दाखवून सांगा, त्याला काय समजलं ते विचारून घ्या. आणि मार्केट यार्डाकडे कधी गेलात, घोगऱ्या आवाजाचा मापाडी दिसला, तर त्याचं माप पुरं होऊ द्या. मग त्याला सांगा, तुझा आवाज भात्याने ऐकला.