कानांच्या परीक्षेत सगळ्या पास

टिटवी हे काही तिचं शाळेच्या दाखल्यावरचं नाव नव्हतं. पण ती बोलायला लागली की पलीकडच्या गल्लीत खिडक्या लागायच्या, म्हणून कुणीतरी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. त्यात तिचा तरी काय दोष? आई बाटल्यांच्या कारखान्यात कामाला. तिथे दिवसभर काचेवर काच आपटत असते. त्या आईची लेक हळू बोलणार कशी? त्यांच्या घरात "मीठ दे" म्हटलं तरी शेजाऱ्यांना वाटे, आज पुन्हा जुंपली.

अलीकडे मात्र ओरडूनही भागेना. नळाखालची बादली भरून वाहत असायची आणि आई तिच्याकडे पाठ करून निवांत कपड्यांच्या घड्या घालत असायची. गेल्या आठवड्यात तर कहरच झाला. कारखान्याच्या अंगणात मालाचा ट्रक भोंगा वाजवत मागे येत होता आणि आई नेमकी त्याच्या वाटेत. शेजारच्या काकूंनी दंडाला धरून ओढली म्हणून वाचली. काकू आईच्याच खात्यात. त्यांनीच हे टिटवीला सांगितलं आणि वर बजावलं, "कुणाला बोलू नकोस. तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही, माहीत आहे मला."

म्हणून युनियनने कानांची तपासणी ठरवली तेव्हा टिटवीला आभाळ ठेंगणं झालं. दोन महिने गेटवर ठिय्या देऊन युनियनने करार पदरात पाडून घेतला होता. कामगारांची आणि घरच्या माणसांची तपासणी, औषधोपचार, गरज पडली तर कानाचं यंत्रसुद्धा, आणि सगळं कंपनीच्या खर्चाने. एरवी त्या यंत्राची किंमत विचारायलाही कुणी दुकानाची पायरी चढलं नसतं.

सुट्टीचा दिवस होता. यंत्रं बंद, कारखाना गपगार. युनियनच्या खोलीत टेबल मांडून कान तपासणाऱ्या बाई बसल्या होत्या. आत जायचं, हेडफोन लावायचे, बारीक शिट्टी ऐकू आली की हातातलं बटण दाबायचं. बाहेर बायकांची रांग आणि दाराशी युनियनच्या सेक्रेटरी मावशी. मावशींची सगळी हयात याच कारखान्यात बाटल्या धुण्यात गेलेली.

नवल म्हणजे, जी आत जाईल ती पास होऊनच बाहेर येत होती. काकूही आल्या, मान ताठ करून. "कान ठणठणीत आहेत म्हणाल्या," त्यांनी सगळ्यांना ऐकवलं. मग त्या आईसमोर उभ्या राहिल्या आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवू लागल्या.

कारखान्याच्या गोंगाटात बायका अशाच बोलायच्या, आणि टिटवी ती भाषा बाळपणापासून शिकली होती. तिने ओठ वाचले. "समोर कपाटाची काच आहे. शिट्टीची कळ दाबणारं बाईंचं बोट दिसतं तिच्यात. बोट हललं की दाब."

आईने मान डोलावली.

टिटवी आईच्या समोर आली. तिनेही नुसते ओठ हलवले. "आई, असं नको ना करूस."

"गप," आईचे ओठ म्हणाले. "ऐकू येत नाही कळलं तर घरी बसवतील. त्या खोकणारीला बसवलं होतं, विसरलीस?"

ती गोष्ट खरी होती; छातीचं दुखणं कळताच त्या बाईला कामावरून काढलं होतं. पण ती युनियनच्या आधीची. आणि टिटवीच्या डोळ्यांपुढून तो मागे येणारा ट्रक काही केल्या हलेना. आईचा राग आज ना उद्या उतरेल, असं म्हणत ती तडक मावशींकडे गेली आणि जन्मात पहिल्यांदा कुजबुजली. पण या रांगेपुढे कुजबुजून काय होणार? ओठ हलले आणि शेवटच्या बाईपर्यंत सगळ्यांना सगळं कळलं.

"कार्टी," आई म्हणाली. "घरी चल, मग बघते तुझ्याकडे."

मावशी मात्र हसल्या. "मी सकाळपासून हाच विचार करतेय. अख्ख्या कारखान्यात एकही बहिरी नाही? अगं, माझाच डावा कान ठार आहे. तुम्ही सगळ्या पास झालात की मॅनेजर काय म्हणेल? कान शाबूत आहेत, मग यंत्रं कशाला? गेटवर आपण काय ऊन खायला बसलो होतो?"

"आणि काढलं तर?" आईने विचारलं.

"नाही काढता येणार. तपासणीवरून कुणालाही घरी बसवायचं नाही, हे आधी कबूल करून घेतलं, मगच मी सही केली."

"तरी काढलं तर?"

"तर पुन्हा गेटवर बसू. चटया झटकून ठेवल्यात मी."

रांगेत खसखस पिकली. आई हसली नाही. टिटवीकडे न बघता ती आत गेली. घरच्यांचीही तपासणी होती, म्हणून टिटवीही मागोमाग शिरली.

आईने खुर्ची उचलली, कपाटाकडे पाठ येईल अशी ठेवली आणि बसली.

तपासणी सुरू झाली. बाईंचं बोट हललं. आईचा अंगठा जागचा हलला नाही. बोट पुन्हा हललं, पुन्हा; बाई दर वेळी आवाज वाढवत होत्या. रिकाम्या खोलीत एकटीच बसल्यासारखा आईचा चेहरा शांत होता. टिटवीने ओठ गच्च मिटून घेतले. आता तर हेडफोनमधली शिट्टी तिला पलीकडे उभं राहूनही ऐकू येत होती. तेव्हा कुठे आईच्या अंगठ्याने बटण दाबलं.

"उजवा बराच गेलाय, डावा थोडा," बाईंनी आईकडे तोंड करून सावकाश सांगितलं. "गेलेलं परत यायचं नाही. पण यंत्राने बोलणं ऐकू येईल. आणि कामावर कान झाकलेत तर उरलेलं टिकेल."

आईने ते पुन्हा एकदा सांगायला लावलं.

ती बाहेर आली तेव्हा सगळी रांग तिच्या ओठांकडे बघत होती. आईने ओठांवर काम भागवलं नाही. चांगला खणखणीत आवाज काढला.

"नापास झाले. यंत्र मिळणार आहे. उद्या कामावर येतेय."

काकू थोडा वेळ घुटमळल्या. मग पदर सावरला आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या.