येते म्हणाली ती

चाळीस जणांना कथा वाचायला दिली आणि चाळिसांतला एकही शेवटाला पोचला नाही. हे साहेबांनी सगळ्यांसमोर, चहा ढवळत सांगितलं, आणि मास्तरणीच्या अंगाचा तिळपापड झाला.

मास्तरीण हे तिचं ऑफिसातलं नाव. कुणी साधी चिठ्ठी दिली तरी ती ऱ्हस्व-दीर्घ सुधारून परत करायची, म्हणून पडलेलं. लेखिका म्हणून नोकरीला लागली होती, पण चार वर्षं ती फोनवरची बटणं लिहीत होती. ‘पुढे चला’, ‘रद्द करा’, ‘पुन्हा प्रयत्न करा’. चार वर्षं ‘रद्द करा’ लिहिल्यावर कुणाचंही डोकं फिरेल. शेवटी एकदाचा साहेबांना पाझर फुटला आणि तिला एक अख्खी कथा मिळाली, वाचकाने बटण दाबून वाट निवडायची अशी. एक मुलगी जहाजावरच्या स्वयंपाकघरात नोकरी धरते आणि घराबाहेर पडते. कुठल्या दाराने, कुणाला सांगून, कुणाशी भांडून, ते वाचकाने ठरवायचं. एकशेचाळीस तुकडे, आणि बटणावरून पुढच्या तुकड्यात नेणाऱ्या तीनशे बारा जोडण्या. शेवट मात्र एकच: जहाज सुटतं आणि मुलगी जहाजावर असते.

“सोमवारी सकाळपर्यंत लोक शेवटाला पोचले पाहिजेत,” साहेब म्हणाले. “नाहीतर ही कथा बासनात आणि तुम्ही पुन्हा बटणांवर.”

वाचकांचे अभिप्राय वाचून तर ती आणखीच भडकली. एकाने लिहिलं होतं, ‘नायिका घरकोंबडी आहे.’ दुसऱ्याने, ‘उंबऱ्यापर्यंत जाते आणि परत येते. हिला कुणीतरी हाकलून द्या.’ एका बाईंनी तर स्त्रीच्या कोंडीचं इतकं खोल चित्रण आजवर वाचलं नव्हतं, असं कळवलं होतं. साहेबांना ते फार आवडलं.

“मग तसंच ठेवायचं का?” त्यांनी विचारलं.

मनातलं उत्तर दिलं असतं तर नोकरी गेली असती.

ती तडक प्रोग्रामरकडे गेली. त्याला सगळे झटपट म्हणत, कारण दोन दिवसांचं काम तो दोन तासांत करायचा आणि उरलेला वेळ ते निस्तरण्यात घालवायचा.

“जोडण्या तपासल्यास?”

“सगळ्या चालतात. एकही तुटलेली नाही.”

“मग ती मुलगी सारखी घरी का येतेय?”

“मला काय विचारतेस? कथा तुझी आहे.”

चोराच्या उलट्या बोंबा, असं मनात म्हणत तिने शनिवारभर कथा कागदावर तपासली. एक मात्रासुद्धा चुकलेली नव्हती. तेव्हा चूक वाचकांची, त्यांना वाचताच येत नाही, असा निकाल देऊन ती झोपली.

रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलाशी आई चष्मा लावून फोनमध्ये तीच कथा वाचत बसली होती. चांगली मजेत दिसत होती.

“कुठवर आलीस?”

“आत्ताच परत आली बघ बिचारी. अकराव्यांदा.”

“अगं, पण का परत येते ती?”

“का म्हणजे? येते म्हणाली, आली. शब्दाची पक्की आहे पोरगी.”

मास्तरणीने फोन हिसकावलाच. दारात उभी राहून मुलगी आईचा निरोप घेते, त्या बटणावर तिनेच लिहिलं होतं: ‘येते’. तिने ते दाबलं. पडद्यावर आलं, ‘ती घरी येते.’

तिने झटपटला फोन लावला आणि हॅलोसुद्धा न म्हणता सुरू झाली. तो शांतपणे ऐकत राहिला, मग म्हणाला, “तुझ्या जोडण्यांच्या तक्त्यात ‘कुठे जायचं’ हा रकाना निरोपाच्या सव्वीसही ठिकाणी रिकामा होता.”

“कारण ते उघड होतं!”

“तुला. मी एक छोटा प्रोग्राम चालवला. रकाना रिकामा असेल तर शब्द बघून जोड. त्याला ‘येते’ दिसलं, त्याने घरी आणून सोडलं.”

“निघताना तू घरी काय म्हणतोस रे?”

“येतो.”

“मग?”

“मी म्हणतो गं. प्रोग्राम कुठे कुणाचा निरोप घेतो?”

चूक दोघांची निम्मी निम्मी होती, आणि हेच तिला सगळ्यांत जास्त झोंबलं. झटपटकडे उपाय तयार होता: सगळीकडे ‘येते’ खोडून ‘जाते’ करायचं, बाकीचं प्रोग्राम बघेल, पाच मिनिटांचं काम. त्याने एक बटण तसं बदलूनही दाखवलं.

तिने फोन आईपुढे धरला. “हं, दाब आता.”

“‘जाते’? आईच्या तोंडावर? मी नाही दाबणार.”

“आई, नुसतं बटण आहे ते!”

“मग तू दाब.”

मास्तरणीने बोट पुढे केलं आणि ते तिथेच राहिलं. चार वर्षं डोळे मिटून ‘रद्द करा’ लिहिणाऱ्या बाईला ‘जाते’ दाबवेना, याचा तिला स्वतःचाच भयंकर राग आला. मग ती लॅपटॉप घेऊन बसली आणि झटपटला, साहेबांना आणि स्वतःला शिव्या घालत तिने सव्वीसच्या सव्वीस जोडण्या हाताने बदलल्या. शब्द ‘येते’च ठेवला.

संध्याकाळी झटपटने ओळखीच्या दहा जणांना कथा वाचायला लावली. दहाही पोचले. साहेबांचा निरोप आला, ‘उत्तम. पाठवून द्या.’ समोर आईनेही ‘येते’ दाबलं. मुलगी जिना उतरली, रस्ता ओलांडून बंदरावर गेली, जहाज सुटलं. समाप्त. हुश्श करून मास्तरणीने पाठवायच्या बटणावर बोट नेलं.

आई अजून पडदा वरखाली सरकवत होती.

“आता काय शोधतेस?”

“पुढचं बटण.”

“पुढे काही नाही. संपली कथा.”

“संपली कशी? दारात येते म्हणाली ना ती? मग कधी येते?”

“आई, कथा आहे ही!”

“म्हणून काय आईशी खोटं बोलायचं?”

तीनशे बारा जोडण्यांत या प्रश्नाचं उत्तर कुठेही नव्हतं. चडफडत तिने ‘समाप्त’ खोडलं आणि खुर्ची आईजवळ ओढली.

“सांग. एवढ्या वर्षांनी ती दारात उभी राहिली, तर तू पहिलं काय म्हणशील?”

“काय म्हणणार? आधी चांगली भांडेन. इतकी वर्षं साधा एक फोन नाही?”