मधलं नाव

मुरलीधर कारखानीस दुबईतल्या ऋणानुबंध मंडळाचे अध्यक्ष झाले, तेव्हा लोकांनी हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या होत्या. त्याला चार वर्षं झाली. आता १९९९ साल चालू होतं आणि तीच माणसं, मुरलीधर सुपरमार्केटात डाळींपाशी दिसले की, शाम्पूंकडे वळत होती.

कुंदाला याचं काडीचं आश्चर्य वाटत नव्हतं. ती त्या माणसाबरोबर एकोणीस वर्षं राहत होती. मंडळाने चारच काढली होती, आणि तेवढ्यात त्याची ही गत झाली होती.

मुरलीधर वाईट माणूस नव्हता, आणि हीच तर खरी पंचाईत. वाईट असता तर कुंदाने केव्हाच हात झटकले असते. देऱ्यातल्या एका ट्रेडिंग कंपनीत तो अकाउंट्स सांभाळायचा आणि मंडळही तसंच सांभाळायचा. कुणाचा एक फिल्स इकडचा तिकडे होऊ द्यायचा नाही, आणि कुणाची चूक दिसली की माइक हातात घेऊन सांगायचा. सदानंद पाटणकरांचे आईवडील व्हिजिट व्हिसावर आले होते. ते दोघं म्हातारे कोजागिरीच्या जेवणाच्या रांगेत उभे राहिले, तर मुरलीधरने माइकवरून विचारलं, "या दोन पाहुण्यांची कुपनं कोणी घेतलीयत का?" कुपन होतं पंधरा दिरहॅमचं, म्हणजे पावणेदोनशे रुपयांचं. सदानंदने दिलेही असते. पण त्याची आई हातातलं ताट ठेवून बाजूला झाली ती झालीच, त्या रात्री जेवली नाही.

त्यावर कळस केला तो गणपतीने. गल्फमध्ये गणपती शुक्रवारी येतो, हे लहान पोरालाही ठाऊक. पंचांगात चतुर्थी कधीही असो, सुट्टी शुक्रवारची, म्हणून सार्वजनिक आरती शुक्रवारची. मुरलीधरने ठरवलं की यंदा तिथीलाच, सोमवारी. "गणपतीला वीकएंड नसतो," असं तो कमिटीत म्हणाला, आणि समोरच्याचं ऐकून घ्यायची सवय नसल्यामुळे तो ठराव पासही झाला. सोमवारी दीडशे माणसांचा स्वयंपाक आणि खायला पंचवीस डोकी. तेही एक वेळ चाललं असतं. पण रास अल खैमाच्या सिरॅमिक कारखान्यातल्या सात-आठ कुटुंबांना पत्रकच मिळालं नाही. ती मंडळी नेहमीप्रमाणे शुक्रवारी दीड-दोन तासांची वाट तुडवून आली. मुली परकर-पोलक्यात, बायकांच्या हातात मोदकांचे डबे, आणि समोर कुलूप लावलेला हॉल. सप्टेंबरच्या उन्हात त्यांनी तिथेच फुटपाथवर मोदक खाल्ले आणि परत गेली. मुरलीधरचं म्हणणं एकच, पत्रक पोस्टात टाकलं होतं. टाकलं होतंही. पण 'चुकलं' हा एक शब्द त्याच्या तोंडातून बाहेर पडला नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर सुंभही शाबूत होता.

हे सगळं कुंदाने निभावून नेलं असतं, जसं आजवर नेलं होतं. पण या वेळी तिला स्वतःला काहीतरी हवं होतं.

पुण्यात असताना ती शाळेत शिकवायची आणि मुलांची नाटकं बसवायची. दुबईला आली आणि पासपोर्टवर शिक्का बसला, गृहिणी, नोकरीची परवानगी नाही. तनया झाली, वाढली, अकरावीत गेली. मंडळात सांस्कृतिक कार्यवाहाचं एक पद होतं. ते मिळालं तर दर शुक्रवारी मुलांना गोळा करायचं, त्यांची नाटकं बसवायची, एवढीच तिची हौस. मागच्या दोन्ही निवडणुकांत तिचं नाव पुढे आलं होतं. दोन्ही वेळा मुरलीधरने ते मागे घ्यायला लावलं. "मी अध्यक्ष असताना घरातलं माणूस कमिटीत नको. लोक काय म्हणतील?" लोक काहीसुद्धा म्हणाले नसते. तेव्हा त्याच्या नावावर दगड उभा केला असता तरी निवडून आला असता. आता त्याची मुदत संपत होती, त्याला पुन्हा उभं राहता येणार नव्हतं, आणि कुंदाला पहिल्यांदाच वाट मोकळी झाली होती. पण ती मोकळी झाली तेव्हा तिच्या नवऱ्याचं नाव ऐकलं तरी लोकांच्या कपाळाला आठी पडत होती.

निवडणुकीच्या पंधरा दिवस आधी, मुरलीधर ऑफिसात असताना, सदानंद आणि अंकुर घरी आले. सदानंद, म्हणजे तोच ज्याच्या आईचं ताट राहिलं होतं, मुरलीधरच्याच पॅनेलकडून अध्यक्षपदाला उभा होता. मनात अढी न ठेवता त्याच पॅनेलमध्ये राहिला हा त्याचा मोठेपणा, आणि तो मोठेपणा आता त्याला भोवत होता. अंकुर तिशीतला, जाहिरात कंपनीत मार्केटिंगला. त्याने सभासदांना फोन करून कल घेतला होता.

"काकू, रागावू नका हं," अंकुर चहाचा कप तसाच ठेवून म्हणाला. "मी सगळ्यांना एकच क्वेश्चन विचारला. आत्ताच्या अध्यक्षांचं काम कसं वाटतं? दहातले दोघं बरं म्हणाले."

"दोघं तरी म्हणाले," कुंदा म्हणाली.

"त्यातले एक काकांच्याच ऑफिसातले होते."

सदानंदला हसू आलं, पण त्याने ते चहाबरोबर गिळलं.

"अमेरिकेत असंच असतं, काकू. प्रेसिडेंटचं अप्रूव्हल रेटिंग पडलं की त्याच्या पार्टीचे कॅन्डिडेट्स त्याला स्टेजवर बोलवत नाहीत. इलेक्शन त्याचं नसतं, पण मार ह्यांना बसतो."

"सुक्याबरोबर ओलंही जळतं," कुंदा म्हणाली. "त्याला अमेरिका कशाला पाहिजे?"

"वहिनी, तुमच्याबद्दल कुणाची तक्रार नाही," सदानंद समजुतीने म्हणाला. "उलट सगळे म्हणतात, त्या बिचाऱ्या चांगल्या आहेत. पण मतपत्रिकेवर तुमचं नाव वाचलं की..." तो थांबला.

अंकुरनेच वाक्य पुरं केलं. "सौ. कुंदा मुरलीधर कारखानीस. काकू, मधे ते बसलेत. लोक मधल्या नावापाशी येतात आणि त्यांना तो बंद हॉल आठवतो. ते काढू या. नुसतं कुंदा कारखानीस. खलास!"

लग्नात कुंदाचं पहिलं नाव बदललं नव्हतं, तेवढं एक तिने राखलं होतं. पण बापाचं नाव जाऊन नवऱ्याचं मधे आलं, आणि इतकी वर्षं शाळेच्या फॉर्मपासून दवाखान्याच्या केसपेपरपर्यंत तिने ते तीन शब्द एका दमात लिहिले होते. त्यातला मधला शब्द वेगळा काढता येतो हेच तिच्या कधी मनात आलं नव्हतं. आता आलं, आणि लाज वाटावी इतकं हलकं वाटलं.

तनया आतल्या खोलीतून सगळं ऐकत होती. ते दोघं गेल्यावर बाहेर आली. "आई, जस्ट डू इट. इट्स युअर नेम. युअर मेडन नेमच लाव ना."

"ते तरी माझं कुठे गं? ते माझ्या वडिलांचं."

"ओ गॉड, आई," म्हणून ती परत आत गेली.

संध्याकाळी मुरलीधर आला, हातपाय धुऊन बातम्यांसमोर बसला. कुंदाने वाटीत चिवडा आणून ठेवला आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं. आडवळणं घेण्याइतकं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. चार वर्षं ती त्याची बाजू सावरत होती. पार्किंगमध्ये, मीनाबाजारात, फोनवर, 'तसं नव्हतं हो त्यांच्या मनात' असं म्हणत होती. त्या वाक्याचा तिला आता वीट आला होता.

"अहो, मतपत्रिकेवर माझं मधलं नाव घालायचं नाही असं म्हणतायत सगळे. मलाही तसंच वाटतंय."

मुरलीधरने टीव्हीचा आवाज कमी केला. बराच वेळ तो बातम्या देणाऱ्या बाईच्या हलत्या ओठांकडे बघत बसला. मग उठून कपाटातून मंडळाची घटना काढली, चष्मा लावला आणि पानं उलटत राहिला. कुंदा उभीच होती. तो भांडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"नियमात बसतं," तो शेवटी म्हणाला. "पूर्ण नाव हवंच असं कुठे लिहिलेलं नाही."

"एवढंच?"

"अजून काय म्हणू?" त्याने घटना मिटली. "मतदानाला मी यायचं ना?"

कुंदाने चिवड्याची वाटी उचलली. ती भरलेलीच होती, तरी उचलली आणि आत घेऊन गेली.

"तब्येत बरी नाही म्हणून सांग," तो मागून म्हणाला.

निवडणूक शुक्रवारी सकाळी बर दुबईतल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये होती. जुम्म्याच्या नमाजाच्या आत हॉल मोकळा करायचा होता, त्यामुळे सगळी यल्ला यल्ला घाई चाललेली. कुंदा जांभळी नारायणपेठी नेसून दाराशी उभी राहिली. जो येईल तो तिच्या खांद्यावरून मागे बघे, आणि मागे कोणी नाही हे दिसलं की त्याचा चेहरा सैल होई. हे तिने एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं, आणि मग ती लोकांच्या चेहऱ्याकडे बघेनाशी झाली.

मोजणी झाली. सदानंद थोडक्यात पडला. लोकांना शिक्षा कुणाला तरी द्यायचीच होती, ती त्याला मिळाली. पण कुंदा चांगल्या मतांनी निवडून आली. "कुंदा कारखानीस!" असं माइकवरून पुकारलं गेलं, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. हवं ते मिळाल्याचं सुख होतं, आणि ते खरं होतं.

मग लोक अभिनंदनाला आले.

"बरं केलंत, वहिनी. सुटलात एकदाच्या!"

"आम्ही म्हणतच होतो, तुम्ही कशा काय सहन करता त्या माणसाला?"

"मधलं नाव काढलंत तेव्हाच आम्हाला कळलं, तुम्ही आमच्यातल्याच आहात."

पेढा तोंडात घेऊन लोक बोलत होते आणि हसत होते. त्यांच्या दृष्टीने त्यात गैर काही नव्हतं. तिने स्वतःच्या हाताने साक्ष दिली होती, आता लपवायचं कशाला? सगळ्यात मायेने बोलले ते राजाभाऊ चौबळ, तिला थोरल्या भावासारखे. तिच्या डोक्यावर हात ठेवून ते म्हणाले, "पोरी, तू सोन्यासारखी आहेस गं. त्याच्यासारखा करंटा माणूस नशिबी आला, त्याला तू काय करणार?"

कुंदाच्या जिभेवर आलं होतं, 'तो करंटा माणूस आज माझ्यासाठी घरी बसलाय.' पण मागे फोटोवाला थांबला होता, राजाभाऊंनी पेढा पुढे केला होता, आणि तिने तोंड उघडलं ते पेढ्यासाठी. पेढा गोड होता. तो गिळायला तिला फार वेळ लागला.

खाडी ओलांडायला ती अब्रात बसली. नावेत पठाण, बंगाली, मल्याळी कामगार दाटीवाटीने बसले होते, सुट्टीचे धुतलेले कपडे घालून. यांतल्या कुणालाही मंडळ ठाऊक नव्हतं, मुरलीधर ठाऊक नव्हता. तिला वाटलं, इथेच बसून राहावं, नाव अशीच या काठावरून त्या काठावर जात राहावी. पण देऱ्याचा धक्का आला आणि मागच्या माणसाने "चलो बहेनजी" म्हटलं.

घरी मुरलीधरने वरणभाताचा कुकर लावला होता. तनया मैत्रिणीकडे गेली होती. त्याने दोन पानं वाढायला घेतली होती आणि सकाळपासून दाढी केलेली नव्हती, आजारी माणसाने करू नये म्हणून असेल.

"काय झालं?"

"आले निवडून."

"वा!" तो म्हणाला, आणि खरोखर म्हणाला. त्याचा चेहरा उजळला. कितीतरी दिवसांत तिने तो तसा पाहिला नव्हता. "वा, कुंदा! मी म्हटलंच होतं. आणि सदानंद?"

"पडले."

"अरेरे." त्याने डाव खाली ठेवला. मग पाण्याच्या भांड्याशी चाळा करत, तिच्याकडे न बघता त्याने विचारलं, "माझं काही... कोणी विचारलं का?"

कुंदाने त्याच्याकडे पाहिलं. चार वर्षं माइकवरून सगळ्यांना झापणारा माणूस भांड्यातल्या पाण्याकडे बघत उभा होता.

"विचारलं की," ती म्हणाली. "सगळे विचारत होते. तब्येत कशी आहे म्हणून."

"कोणी कोणी?"

तिने मनातल्या मनात सगळा हॉल पालथा घातला. दाराशी भेटलेले, फोटोत उभे राहिलेले, पेढे वाटणारे, सगळे आठवून पाहिले. एक नाव हाताला लागेना. शेवटी जे पुढे आलं तेच तिने घेतलं.

"राजाभाऊंनी. फार काळजी करत होते."

"राजाभाऊ?" मुरलीधर हसला. "बघ, आणि मी समजत होतो की तो... चांगला माणूस आहे हो. थांब, एक फोन करतो त्याला. बरा आहे म्हणून सांगतो. उगाच जिवाला घोर नको."

तिने काही म्हणायच्या आत तो फोनपाशी गेलाही. नंबर त्याला पाठ होता, मंडळातल्या सगळ्यांचे पाठ होते. तो फिरवू लागला. पलीकडे रिंग वाजलेली कुंदाला इथे ऐकू आली, एकदा, दोनदा. ती धावत गेली आणि तिने बोटाने फोन बंद केला.

मुरलीधर रिसीव्हर कानाला लावून तसाच उभा राहिला. तिचं बोट फोनवर होतं. ते तिने उचललं नाही.

त्याने रिसीव्हर सावकाश तिच्या हातात दिला.

"वरण निवतंय," तो म्हणाला. "चल, जेवून घे. दमली असशील."