ध्रुवावरचा धूर

आकांक्षा उत्तर ध्रुवाकडे गेली आणि थोड्याच दिवसांत माणिकबाईनं लेकीशी फोनवर बोलणं सोडलं. जाण्याचा राग नव्हता. राग होता अस्वलाचा. ती राहते त्या बेटावर पांढरी अस्वलं फिरतात, वस्तीबाहेर पडताना बंदूक घ्यावी लागते, हे पोरीनं बापाला सांगितलं होतं. आईला मात्र म्हणाली, "काई नाई वो, नुसता बर्फ हाय." मग नांदगाव खंडेश्वरच्या बाजारात झेंडू विकताना एका बाईनं कौतुकानं मोबाइलवर तिथलं अस्वल दाखवलं आणि सगळं उघडं पडलं.

तेव्हापासून फोन आला की आकांक्षाचे वडील उत्तमराव ओट्यावर बसून बोलत आणि माणिकबाई आतून ऐकत राही. भांडी घासणारा हात मधेच थांबे.

मार्चातल्या एका सकाळी आकांक्षा बापाला आपलं काम समजावत होती. "बाबा, आमी आभाळात हिरवा लेझर सोडतो. वर धुराचे, धुळीचे बारीक कण असले का त्यायच्यावर आपटून थोडा उजेड माघारी येते. किती वेळानं आला, त्यावरून थर किती उंच हाय ते समजते. हिवाळा सरता सरता इथलं आभाळ धुरकट होते. दूरदूरच्या देशातून येते तो धूर."

माणिकबाईच्या डोक्यात ते दूरदूरचे देश घुसले ते निघेचनात.

दुपारी ती भाकरी घेऊन वावरात गेली, तर उत्तमरावांनी कापूस वेचून उरलेल्या वाळक्या पऱ्हाटीच्या ढिगाला नुकतीच काडी लावलेली. भाकरीचं फडकं तिथंच ठेवून ती ड्रमाकडे धावली आणि बादलीवर बादली ओतत सुटली.

"पोरगी तिथी थंडीत धूर मोजून राहिली, अन् तुमी इथी धूर करून राहिले! तिचं काम वाढवता काय?"

उत्तमराव हसता हसता खोकू लागले. "अवो, तेवढ्या दूर जाईन का हा?"

"तुमाले काय मालूम? लावा फोन, इचारा तिले."

त्यांनी फोन लावला आणि तिच्याच हातात दिला.

"आई?" पलीकडून आवाज चिरकलाच.

"आपला धूर तिथी येते का?" माणिकबाईनं विचारलं. एवढ्या दिवसांनंतरचं हे पहिलं वाक्य.

सगळी हकिकत ऐकून आकांक्षा पोट धरून हसली. "नाई वो. इथं येते तो जास्तकरून युरोप-रशियाकडला. आपला धूर तिथंच राहते. बाबाच्या छातीत जाते, तुह्या फुलांवर बसते."

 खरं तर माणिकबाईला बरं वाटायला हवं होतं. पण घरचं काहीच पोरीपर्यंत पोचत नाही, या विचारानं तिचा जीव खट्टू झाला.

"खोटं काहून बोलली मले?"

"तू जाऊ देल्लं नसतं."

"रडली असती. पन जाऊ देल्लं असतं."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. उत्तमराव उगाच ओली पऱ्हाटी पायानं सारखी करत उभे होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे माणिकबाई फुलं तोडत असताना फोन वाजला. तिकडे अजून रात्रच होती. पडद्यावर काळं आभाळ आणि त्यात सरळ वर गेलेली हिरवी रेघ. कमरेला बांधलेल्या ओच्यात फुलं तशीच धरून ती पाहत राहिली. मग रेघ संपते कुठे, बर्फात झोप लागते का, जेवायला कोण वाढतं, असं सगळं साठलेलं तिनं एका दमात विचारून घेतलं.

उरलेली पऱ्हाटी उत्तमरावांनी जाळली नाही. कुरकुरत का होईना, यंत्रवाल्याला बोलावून तिचा भुगा करून घेतला आणि वावरातच पसरला.

मे महिन्यात आकांक्षा परतली. बडनेऱ्याच्या फलाटावर अंग भाजून काढणारी झळ होती. गाडीतून उतरलेल्या पोरीचं नाक सोललेलं, गाल करपलेले. बर्फावरून उलटलेल्या उन्हानं तिचा चेहरा पार रापला होता. माणिकबाईनं तिची हनुवटी धरून तोंड इकडे-तिकडे वळवून पाहिलं.

"बाप्पा! लोक बर्फात जाऊन गोरे होतात, अन् हे काळी होऊन आली," ती म्हणाली आणि पदरानंच लेकीचं तोंड पुसू लागली.